झीज शून्य

“वाढत्या मापाचे द्या हो! वाढता पाय आहे पोराचा!”

चपला-बुटांच्या कुठल्याही दुकानाची पायरी चढलो, की आईचा हा आवाज मला आजही ऐकू येतो. आवाज कसला, घंटाच! मागच्या गोदामात शिडीवर चढलेल्या माणसालाही पहिल्या हाकेत ऐकू जायचा. मग माझ्या पायात असे बूट यायचे, की मी आधी निघायचो आणि बूट मागाहून पोचायचे! टोकाशी कापसाचा बोळा, टाचेशी पुठ्ठ्याचा तुकडा. फळ्याकडे जायला उठलो, की मास्तर पाठमोरेच म्हणायचे, “या, घोडदळ आलं!”

आणि गंमत ऐका. पाय वाढत वाढत बुटाएवढा व्हायचा, बोळा निघायचा, पुठ्ठा निघायचा, बूट पहिल्यांदा पायाला गळाभेट दिल्यासारखा बसायचा, आणि त्याच आठवड्यात त्याचा तळ सुटायचा! बरोबर मापाचे बूट मी उभ्या बालपणात एकूण पंधरा दिवस घातले असतील. त्यातही दोन रविवार.

तेव्हाच मी मनाशी गाठ मारली होती. उद्या मला लेकरू झालं, तर त्याच्या बुटात बोळा जाणार नाही. नेमक्या मापाचे, उत्तम प्रतीचे बूट घेईन, आणि ते टिकवून दाखवीन!

टिकवण्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, बरं का. मी कपाटांच्या कारखान्यात टिकाऊपणा तपासतो. आमच्याकडे एक यंत्र कपाटाचं दार उघडतं आणि लावतं, उघडतं आणि लावतं, पन्नास हजार वेळा. मी समोर बसून बघतो आणि शेवटी तक्त्यावर लिहितो, ‘टिकलं’ किंवा ‘नाही टिकलं’. वीस वर्षं हेच! माणसं हाताच्या रेषा बघतात, मी बिजागरी बघतो. कुठलीही वस्तू माझ्या हातात द्या, ती किती दिवस जगेल ते मी सांगतो. आमच्या घरातली छत्री, बादली, झाडू या सगळ्यांच्या मरणाच्या तारखा मला आगाऊ ठाऊक असतात.

फक्त एका ठिकाणी माझी विद्या आंधळी झाली होती. लेकीच्या शाळेच्या बुटांपाशी.

लेक आठ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात. कारण ती चालत नाही, फिरते. दारातून निघाली की स्वतःभोवती एक गिरकी, फाटकाशी दुसरी, आणि पुढे रस्त्याच्या वळणापर्यंत नुसती धूळ दिसते. थांबायचं असलं, की दोन्ही बुटांची टोकं जमिनीवर घासून थांबते. शाळेच्या बुटांचा पहिला जोड नऊ आठवडे जगला. दुसरा सात. तिसऱ्याचं तर नावच काढू नका. टोकं पांढरीफटक, तळ पापडासारखा, आणि एका बुटातून अंगठा असा डोकावत होता, जसा शेजारी खिडकीतून डोकावतो!

“स्वस्तातले घ्यावेत,” बायको म्हणाली. “फाटले की टाकावेत. पोरीचे पाय आहेत ते, कपाटाचे नव्हेत.”

“हेच! हेच चुकतं लोकांचं!” मी म्हणालो. “स्वस्त बूट म्हणजे दर दोन महिन्यांनी नवा शोक. आपण चौपट पैसे घालू, पण एकदाच घालू!”

“आणि पाय वाढला की?”

“पाय काय असा दुधासारखा उतू जातो का? वर्षाला एक माप वाढतो. शाळेचं वर्ष संपेल, मग माप बदलेल. सोपं गणित आहे!”

“अहो, गणित तुमचं आहे. पाय तिचे आहेत.”

पण मी तोवर चपला घालून बाहेर पडलोसुद्धा होतो.

दुकानात त्या दिवशी जे घडलं, त्याला मी माझ्या आयुष्यातला सुवर्णक्षण म्हणायचो. म्हणायचो, हं! दुकानदारानं एक काळा जोड समोर ठेवला. मी तो उचलला आणि माझं भान हरपलं. काय ते चामडं! काय ती शिवण! बोटभर अंतरात अकरा टाके, एकेक टाका पाटीवर गिरवलेल्या अक्षरासारखा! मी तळ वाकवून पाहिला, टाच दाबली, आत नाक घालून वास घेतला, टोकावर टिचकी मारली आणि कान लावून नाद ऐकला. मग बोलायला लागलो. शिवणीवर बोललो, डिंकावर बोललो, रबरावर बोललो. इतर गिऱ्हाइकं आपापले जोड हातात घेऊन माझ्याभोवती गोळा झाली. एका आजींनी विचारलं, “माझी ही सपात किती टिकेल रे बाबा?” मी बघून सांगितलं, “उन्हाळ्यापर्यंत!” दुकानदारानं हात जोडले. “साहेब, आमच्याकडे नोकरीला येता का?”

भिंगरी स्टुलावर बसून आ वासून माझ्याकडे बघत होती. दुकानदारानं तिच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या. ती आरशापर्यंत चालत गेली, परत आली.

“एक नंबर वरचा दाखवू का?” दुकानदारानं विचारलं.

“अजिबात नाही!” मी गरजलो. “माप म्हणजे माप! वाढत्या मापानं माझं अख्खं बालपण फटक-फटक वाजत गेलंय! काय भिंगरे, कसे आहेत?”

“चकचकीत आहेत बाबा,” ती म्हणाली.

घरी आलो आणि उंबऱ्यातच घोषणा केली. बायको ऐकत होती, भिंगरी ऐकत होती, शेजारची खिडकी तर ऐकतच होती. “या बुटांनी शाळेचं वर्ष काढलं नाही, तर यापुढे कुठल्याही दुकानात मी तोंड उघडणार नाही! तू म्हणशील ते मुकाट्यानं घेईन!”

“अगदी तोंड उघडणार नाही?” बायकोचे डोळे चमकले.

“अगदी!”

“भिंगरे, तू साक्षीदार हं,” ती म्हणाली. “बाबाचं तोंड बंद होणार म्हणजे घरात केवढी शांतता!”

भिंगरीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बुटांकडे.

त्यानंतर जे घडलं ते आश्चर्य होतं. शब्दच नाही दुसरा! पहिला आठवडा गेला, मी बूट उलटे करून पाहिले. तळाची नक्षी जशीच्या तशी! दुसरा आठवडा, टोकावर ओरखडा नाही! चौथा, नाडीचा धागासुद्धा निघालेला नाही! मी रोज सकाळी त्यांना पॉलिश करायचो, म्हणजे खरं तर गरज नव्हती, पण देवमाणसाचे पाय चेपावेत तशा भावनेनं करायचो. सहाव्या आठवड्यात मी कारखान्यात आमच्या तक्त्याशेजारी एक वेगळा कागद लावला. ‘वस्तू: शाळेचे बूट. चाचणी: माझी मुलगी. दिवस: बेचाळीस. झीज: शून्य.’

आमचे साहेब तक्त्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. “शून्य?”

“शून्य, साहेब!”

“आपल्या कपाटांना हे का जमत नाही हो?” साहेबांचा आवाज हळवा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागांना रांगेनं येऊन तो कागद बघायला लावला!

आमच्या विभागात बिजागरीकाका म्हणून आहेत. तीस वर्षं बिजागऱ्यांत गेल्यामुळे बोलताना त्यांचा जबडाही जरा करकरतो. ते कागदाकडे बघून म्हणाले, “पोरगी पळते ना पण?”

“आता नाही पळत काका! शहाणी झाली. संथ चालते. काय ती चाल, जणू डोक्यावर भरली घागर आहे! चांगल्या बुटांनी माणसाला वळण लागतं.”

“यंत्र बंद असलं, की दार कधीच तुटत नाही,” काका पुटपुटले. मी हसलो. म्हटलं, म्हातारा जळतो!

आणि खरंच, भिंगरी पार बदलली होती. गिरकी नाही, धूळ नाही. शाळेत निघताना खाली बघत, एकेक पाऊल मोजून टाकायची. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, ‘मधल्या सुट्टीतही बाकावर शांत बसते.’ मी ती ओळ बायकोला तीनदा वाचून दाखवली.

“मला नाही आवडलं,” बायको म्हणाली. “ती मैदानावर जात नाही हल्ली. काहीतरी खुपतंय पोरीला.”

“खुपतंय कसलं! प्रगल्भता आहे ती!”

“भिंगरे, काय गं होतंय?” बायकोनं विचारलं.

“काही नाही आई,” भिंगरी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. “बाबा, आज कितवा दिवस?”

“सदुसष्टावा!”

“अजून किती राहिले?”

“एकशे बावन्न!”

“एवढे?” ती म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, हिलाही माझ्यासारखी आकड्यांची नशा चढली!

मग आला एकाहत्तरावा दिवस. दुपारची वेळ. यंत्र एका तीनदारी कपाटाला बडवत होतं, धाड, धाड, धाड! तेवढ्यात फोन वाजला. शाळेतले कारकून.

“हॅलो, तुमच्या मुलीला—” धाड! “—चावलंय!”

“काय?”

“चावलंय हो! लंगडतेय! बाईंनी विचारलं तर एवढंच म्हणते, चावतंय. काय चावलं ते सांगत नाही. डोळ्यांत पाणी आहे. या लवकर!” धाड!

माझ्या हातातली पेन्सिल गळून पडली. “काका! भिंगरीला कुत्रा चावला!”

कारकून कुत्रा म्हणाले नव्हते. पण पायाला चावतं, पोर रडतं, मग दुसरं काय असणार? क्षणात कारखानाभर झालं. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत कुत्रा पिसाळलेला झाला होता, आणि गोदामात बातमी गेली तेव्हा कुत्रे तीन होते! साहेबांनी स्वतः कपाटं पोचवायचा टेम्पो काढून दिला. बिजागरीकाका माझ्याबरोबर पुढे चढले. बायकोला फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, “कुठला दवाखाना?” आणि ठेवला.

वाटेत काका म्हणाले, “घाबरू नका. पण कुत्रा हातचा सोडायचा नाही! दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागते. तो जगला तर आपण जगलो!”

शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि समोरच गुन्हेगार! पहारेकऱ्याच्या स्टुलाखाली एक करडा, म्हातारा कुत्रा जीभ काढून झोपला होता.

“हाच तो!” काका ओरडले.

“कोण? सुभेदार?” पहारेकरी ताडकन उठला. “सुभेदार चावला? अहो, जीभ झडेल! त्याला पावसुद्धा भिजवून द्यावा लागतो!” त्यानं तिथल्या तिथं कुत्र्याचा जबडा उघडून दाखवला. आत उजवीकडे एकच दात होता, तोही निवृत्तीच्या बेतात.

“एक असला तरी दातच की!” काका म्हणाले. “घ्या त्याला टेम्पोत!”

“सुभेदार गेला तर मीही येणार!” पहारेकऱ्यानं स्टूलही बरोबर घेतलं.

आत बाकावर भिंगरी बसली होती. शेजारी तिच्या वर्गाच्या बाई. पाय लोंबत होते, बूट आरशासारखे चमकत होते. मला बघून ती दचकली. “बाबा, तू कशाला आलास?”

“कुठं चावलंय सोन्या?”

“पायाला,” ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटले.

मी गुडघ्यावर बसून बूट पाहिला. आणि खरं सांगतो, त्या काळजीतसुद्धा माझ्या अंगावर शहारा आला! “काका! इकडे बघा! कुत्रा चावूनही बुटावर दाताचा एक ओरखडा नाही! काय चामडं आहे हो!”

“नोंद घ्या,” काका गंभीरपणे म्हणाले. “झीज शून्य.”

“बूट काढून पाहू या का जरा?” बाई म्हणाल्या.

“हात लावू नका!” काका ओरडले. “जखम उघडी पडली की विष चढतं! आहे तसं न्यायचं!”

निघालो. टेम्पोत मागे भिंगरी, बाई, पहारेकरी, स्टूल, दोन कपाटांचे नमुने आणि सुभेदार. मी पुढून वळून पाहिलं तर काळजाचं पाणी झालं. चावलेली पोर चावणाऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन त्याचे कान खाजवत होती! सुभेदारानं डोळे मिटले होते.

“केवढं मोठं मन!” पहारेकरी म्हणाला.

“क्षमा केली तिनं,” बाई म्हणाल्या.

माझेही डोळे भरून आले. ही मुलगी माझ्या घरात वाढते आहे आणि मी हिची नुसती झीज मोजत बसलो!

दवाखान्यात आमची मिरवणूक शिरली तेव्हा बाकावरचे पाच रोगी एकदम बरे झाल्यासारखे उठून उभे राहिले. एक खोकणारे गृहस्थ खोकायचे विसरले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “यातला रोगी कोण?”

“ही!” “हा!” “सुभेदार निर्दोष आहे!” तिघं एकदम बोलले.

“मुलीला आणा. कुत्रा बाहेर राहू दे. स्टूलसुद्धा.”

आत टेबलावर भिंगरीला बसवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय चावलं गं तुला?” भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “बाबा, तुम्ही जरा त्या पडद्यामागे जाऊन उभे राहा. बोलायचं नाही.”

पडद्यामागे वजनकाटा होता. मी त्यावरच उभा राहिलो, दुसरी जागाच नव्हती. कान मात्र पडद्याला!

“आता सांग. मी कुणाला सांगणार नाही. रस्त्यावरचा होता?”

“नाही,” भिंगरी हळूच म्हणाली. “घरचे आहेत.”

घरचे? माझ्या पायाखालचा काटा हलला. आमच्या घरी साधं मांजर नाही!

“आहेत? म्हणजे किती?”

“दोन.”

“रंग?”

“काळे.”

“आणले कुणी?”

टेबल जरासं करकरलं. मग अगदी बारीक आवाज. “बाबानं.”

बाहेरून काकांचा सुस्कारा ऐकू आला. म्हणजे दाराला कान लावून सगळे उभे होते तर! मी पडद्याआड घामाघूम. दोन काळी जनावरं मी घरी आणली? कधी? झोपेत?

“रोज चावतात?”

“रोज. शाळेत जाताना चावतात. घरी आले की दाराशी गप्प पडून असतात.”

“दोघंही?”

“उजवा जास्त चावतो.”

“आणि घरात कुणाला दिसत नाही हे?”

“बाबाला खूप आवडतात ते,” भिंगरी म्हणाली. “रोज सकाळी त्यांना पॉलिश करतो.”

पडद्यामागे काटा एकदम खडखडला. मी पडलो नव्हतो. मी काट्यावरच खाली बसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी पडदा बाजूला केला. “या बाहेर,” त्या म्हणाल्या. “सगळेच या. आणि मला एक सांगा. शाळेतून इथपर्यंत इतकी माणसं आलात. एकानं तरी हिचा पाय पाहिलात का?”

वर्गाच्या बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पहारेकऱ्याकडे. पहारेकऱ्यानं सुभेदाराकडे. सुभेदार तेवढा सरळ समोर बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी नाडी सोडली आणि बूट ओढला. निघेना. पुन्हा ओढला. एवढा टिकाऊ बूट, तो काय सहजासहजी सोडतो! शेवटी सुटला, आणि मग मोजा अगदी अलगद, कांद्याची साल काढावी तसा सोलून काढला.

एवढासा पाय. टाचेवर लाल फोड, अंगठ्याचं नख निळसर. पाचही बोटं एकमेकांत शिरून बसलेली, जणू पाच भावंडं एका लहान पांघरुणात! पांघरूण निघालं तरी ती तशीच आखडलेली, सुटायचंच विसरलेली. मग हळूहळू करंगळी बाजूला झाली. मग तिच्या शेजारची. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. खोकणारे गृहस्थ दारात येऊन उभे होते, तेही नाही.

तेवढ्यात बायको धावत आत आली. केस विसकटलेले, एका पायात एका जोडाची चप्पल आणि दुसऱ्यात दुसऱ्या जोडाची. “कोण चावलं? कुठंय तो?”

“हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही बूट तिच्यासमोर धरले. चकचकीत, निष्कलंक. झीज शून्य.

बायकोनं बुटांकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पन्नास हजार वेळा दार आपटलं तरी चाललं असतं! पण तिनं नुसता पोरीचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

“बोलली का नाहीस गं माझे बाई?”

“बाबा हरला असता ना,” भिंगरी म्हणाली. “मग त्याला दुकानात कधीच बोलता आलं नसतं. अजून एकशे अठ्ठेचाळीसच दिवस राहिले होते.”

पहारेकऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. बिजागरीकाकांचा जबडा दोनदा करकरला. माझं काय झालं, ते सांगायला मला लाज वाटते. सत्तर दिवस मी बुटाच्या तळाकडे बघत होतो, आणि आत केवढं काय टिकून होतं! कारखान्यातलं सगळ्यात भारी कपाट घ्या, सगळ्यात जाड बिजागरी घ्या. रोज, प्रत्येक पावलाला चावा घेणारी गोष्ट पायात घालून, ‘बाबा, आज कितवा दिवस?’ असं हसत विचारणारी वस्तू आमच्याकडे अजून तयार झालेली नाही!

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कागद ठेवला, त्यावर भिंगरीला उभं केलं आणि पेन्सिलनं पायाभोवती रेघ काढली. मग त्या रेघेवर बूट ठेवला. बुटाच्या टोकापुढे अंगठ्याची रेघ चांगली बोटाच्या रुंदीएवढी बाहेर आली होती!

मी बघतच राहिलो. माझ्या पोरीचा पाय! माझ्या नाकासमोर, माझ्या पॉलिशच्या आड, कुणाला चाहूल न देता हा पाय वाढत होता. अंधारात कोंब वाढतो तसा, दगडाला न जुमानता वर यायला निघालेला! मला राहवलं नाही. अशा वेळी माझ्या तोंडी आपोआप ओवीसारखं काहीतरी येतं.

“वेल चढली मांडवा, चढताना ना दिसली,
लेक वाढली बुटात, बापाला ना समजली!”

“वा!” खोकणारे गृहस्थ म्हणाले.

मी सुटलो. “बघा! बघा हे आश्चर्य! सत्तर दिवसांत बोटभर! आपण झोपलो तेव्हा वाढला, जागलो तेव्हा वाढला! चामडं कितीही भारी असू दे, अकरा टाके असू देत नाही तर एकशे अकरा, वाढत्या पावलापुढे कुणाचं चालतं? दुकानात नेमका बसलेला बूट, नेमका! आणि इतक्यात हा पाय त्याला मागे टाकून पुढे निघून गेला! याला म्हणतात जीव! याला म्हणतात—”

“सत्तर दिवसांत?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. “इतका नाही हो वाढत पाय. वर्षाला एखादं माप, फार तर.”

“मग हा कसा वाढला?”

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी कागदावर उभी होती. आपल्याच पायाभोवतीच्या रेघेकडे बघत होती, आणि पाचही बोटं सावकाश उघडमीट करत होती. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“बाबा,” ती म्हणाली, “एक सांगू? रागावणार नाहीस?”

“सांग ना.”

“ते दुकानातच चावत होते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “दुकानात? अगं, मग तिथंच का नाही सांगितलंस?”

भिंगरीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचं केवढं तरी कौतुक होतं, त्या दिवशी स्टुलावर होतं तेवढंच.

“तू इतकं छान बोलत होतास बाबा,” ती म्हणाली, “मला मध्ये बोलावंसंच वाटेना.”